दाजींनी ठेवून घेतलेलं भिंग

आमच्या दाजींइतका विचारी माणूस निजामाच्या सबंध मुलखात दुसरा नव्हता, आणि त्या विचारापायी इतकी कमी कामं उरकलेला माणूसही दुसरा नव्हता. चपला घालायच्या आधी ते दोन्ही चपलांकडे बराच वेळ बघत उभे राहत. एखाद्याला वाटावं, विंचू बघताहेत. ते डावी आधी घालावी की उजवी, याचा अंदाज घेत असत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कुरुंद्याला त्यांची हळदीची जमीन होती आणि ती चांगली पिकत असे, कारण ती अक्का आणि दोन सालगडी बघत. दाजी बांधावर बसून ठरवत. हळद आज काढावी की आणखी चार दिवस थांबावं, याचा त्यांचा निर्णय होईतो अक्कानं निम्मं वावर खणून काढलेलं असे. मग दाजी म्हणत, "माझं बी तेच मत होऊन राहिलं होतं." पदर खोचून अक्का पुढच्या सरीला लागे.

जर्मनीशी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी हिंगोलीचा एक अंमलदार बदली होऊन निघाला आणि जाता जाता त्यानं आपला कॅमेरा दाजींच्या माथी मारला. लाकडी पेटी, पुढं कातडी भाता, मागं दुधी काच आणि खाली तीन पायांची घोडी. पुढचं भिंग फिरवून काढता येई आणि त्या जागी दुसरं बसवता येई. ही शेवटची सोय त्यात नसती तर दाजींनी निदान पाच-पन्नास फोटो काढले असते, असं माझं आजही मत आहे. पण भिंग बदलता येतं म्हटल्यावर ते बदलायचं कोणतं, हा प्रश्न आला. आणि प्रश्न आला की दाजी त्याला पाहुण्यासारखा ठेवून घेत. दहा वर्षांत त्या कॅमेऱ्यानं दोन फोटो काढले. त्या दोन्हींची हकीगत पुढं येणारच आहे.

गोष्ट अशी की, दाजींना माणसांचा फोटो काढायचा नव्हता, मुलखाचा काढायचा होता. तोही भर उन्हात नव्हे, दिवस बुडता बुडता. "उन्हातला मुलूख काय, तहसीलदाराच्या नकाशात बी असतोय," ते म्हणत. आता सगळा डोंगर एका फोटोत मावायचा तर भिंग रुंद नजरेचं हवं. आणि अंधारात दिसायचं तर भिंगाचं भोक मोठं हवं. रुंद नजरेची भिंगं तिन्हीसांजेला आंधळी होत, आणि अंधारात बघणाऱ्या भिंगात डोंगराचा एक खांदा तेवढा मावे. दोन्ही गुण असलेलं एकच भिंग जगात कुठंतरी असणार, अशी दाजींची श्रद्धा होती. ती श्रद्धा त्यांनी चावडीवरही बोलून दाखवली. भोकाचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं, हे त्यांनी समजावून सांगितलं तेव्हा शेजारचे एक म्हातारे पाटील पुढं सरकले.

"आकडा ल्हान अन् भोक मोठं? कोनं ठरवलं हे?"

"साहेबांनी."

"तरीच," म्हातारा म्हणाला आणि उठून गेला.

मी तेव्हा हिंगोलीच्या शाळेत मास्तर होतो आणि मला इंग्रजी वाचता येत होतं. या अपराधाची शिक्षा मी दर शुक्रवारी भोगली. निजामीत शुक्रवारी शाळेला सुट्टी असे आणि मुंबईच्या एका दुकानाची सूचीपत्रकं घेऊन दाजी माझी वाट बघत असत. एकेका भिंगाचं वर्णन मी वाचायचं, मराठीत सांगायचं आणि दाजींनी डोळे मिटून ऐकायचं. स्थळं सांगून आलेल्या मुलींचीही इतकी चौकशी कोणी करत नसेल. त्या दुकानदाराला मी दाजींच्या वतीनं किती पत्रं लिहिली याची गणती नाही. पहिल्या पत्रांना तो "महाशय" म्हणून दोन पानी उत्तरं देई. पुढं पुढं नुसतंच सूचीपत्रक येऊ लागलं. अखेर जर्मनीचं एक भिंग दाजींना जवळजवळ पसंत पडलं, आणि त्याच महिन्यात लढाई सुरू झाली. जर्मन माल बंद झाला. सगळं जग हळहळत होतं, पण दाजींइतका खासगी तोटा कोणाचा झाला नसेल. "आणखी पंधरा दिवस थांबले असते तर त्यांचं काय जात होतं?" असं ते सहा वर्षं विचारत होते.

भिंग नाही म्हणून फिरणं थांबलं नव्हतं. दमणीत, म्हणजे आमच्या छोट्या बैलगाडीत, कॅमेऱ्याला घोंगडीची गादी असे आणि अक्का फळीवर बसे. जवळा बाजारला बैल बघायला निघालो तरी कॅमेरा सोबत. वाटेत एखादी टेकडी आवडली की दमणी थांबे, घोडी उभी राही, दाजी काळ्या फडक्यात डोकं घालत, पाव तासानं घामेघूम होऊन बाहेर येत आणि म्हणत, "मुलूख बराबर हाय, भिंग न्हाई." की पुन्हा सगळं आवरायचं. एकदा शिरड शहापूरच्या शिवारात आम्ही असे उभे असताना तीन पायांची घोडी बघून दोन भाऊ धावत आले. त्यांना वाटलं, सरकारी मोजणी आली. बांध कोणी सरकवला यावर त्यांची तिथंच जुंपली. दाजींनी दोघांचं म्हणणं तासभर शांतपणे ऐकून घेतलं आणि "विचार करून सांगतो" म्हणाले. त्या भावांचा बाप मागून आला. त्यानं कुतूहलानं फडक्यात डोकं घातलं, तर दुधी काचेवर सगळं शिवार डोक्यावर उभं. काचेवर चित्र उलटंच पडतं, हे त्याला कोण सांगणार? म्हातारा बाहेर आला तो हात जोडूनच. "साहेब, भांडनं आमची आमी मिटवतो. पर जायच्या आधी तेवढं गाव सुलटं करून जा."

लढाई संपली आणि दुकानदारानं, बहुधा कंटाळूनच, एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यानं दोन विलायती भिंगं वसमतच्या स्टेशनावर पार्सलानं पाठवली. एक रुंद नजरेचं, एक मोठ्या भोकाचं. सोबत चिठ्ठी: महिनाभर वापरून बघा, एक ठेवा, एक परत करा, आणि कृपा करून पत्र लिहू नका. दाजींनी ती भिंगं मखमलीच्या तुकड्यावर ठेवली आणि त्यांच्यासमोर बसले.

नेमक्या त्याच दिवसांत कुसुमला स्थळ सांगून आलं. कुसुम ही दाजींची एकुलती एक लेक. सोळावं सरलेलं, मराठी चौथीपर्यंत शिकलेली आणि त्यानंतर घरात येणारा प्रत्येक कागद, अगदी गुळाच्या पुडीचा सुद्धा, वाचून काढणारी. मुलगा नांदेडला एका वकिलाच्या हाताखाली होता. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, तिला मुलगी बघायला येणं शक्य नव्हतं. म्हणून मुलाचे मामा येऊन म्हणाले, फोटो द्या, तिला दाखवून कळवतो. दुसऱ्या एका ठिकाणचा फोटोही येणार आहे, तेव्हा शुक्रवारच्या गाडीनं मी परत जायच्या आत द्या. उठता उठता ते आणखी एक बोलले. मुलानं विचारलं होतं, मुलीला पुढं शिकायला आवडेल का? हा प्रश्न कुसुमला जन्मात कोणी विचारला नव्हता. दाराआड उभी राहून तिनं तो ऐकला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की हे स्थळ आता तिनं मनातल्या मनात धरलं आहे.

अक्काचं म्हणणं सरळ होतं. अंगणात ऊन आहे, पोरीला उभी करा, काढा. पण आठ-नऊ वर्षं भिंग निवडणाऱ्या माणसाला इतकी सरळ गोष्ट कशी पटावी? "दुपारच्या उन्हात लेकराचा चेहरा शिजून निघतो," दाजी म्हणाले. "टोकाईच्या टेकडीच्या पायथ्याला काढू. दिवस बुडताना." कुसुम हळूच माझ्याजवळ आली. वडलांना ती दादा म्हणे. "मामा, दादांना सांगा, म्या अजिबात हलनार न्हाई. पर उजेडात काढा म्हनावं." मी सांगितलं. दाजींनी विचार करतो म्हणून सांगितलं, आणि विचार होईतो दिवस कलला.

फोटो ज्यांवर उमटतो त्या काचांपैकी धड उरल्या होत्या दोनच, त्याही लढाईआधीच्या. पहिली मोठ्या भोकाच्या भिंगानं, कुसुमला जवळ उभी करून काढली. दुसरी रुंद भिंगानं, लांबून, मागं सगळी टोकाईची टेकडी घेऊन. "इथून तळं बी येतंय," म्हणत दाजी मागं मागं सरकत गेले. इतके मागं की मला कुसुमचं लुगडं कोणत्या रंगाचं आहे तेही कळेना. उजेड जवळजवळ गेला होता. दाजींनी झाकण काढलं आणि वीस आकडे मोजले. मध्ये बाराला ते थांबले, पंधरालाच पुरे करावं का म्हणून. मग पुढं मोजले. एवढा वेळ ती पोरगी खांबासारखी उभी होती.

धान्याच्या अंधाऱ्या बळदात बसून आम्ही काचा धुतल्या आणि फोटो कागदावर उतरवले. पहिल्या फोटोत कुसुमच्या कानातल्या झुब्याचा एकेक मणी मोजून घ्यावा इतका साफ, आणि नाक-डोळे ताकात कालवल्यासारखे, कारण मोठ्या भोकाच्या भिंगाला एका वेळी एकाच अंतरावरचं साफ दिसतं. दुसरा फोटो मात्र खरंच सुंदर होता, हे कबूल केलं पाहिजे. टेकडी, तळं, बांध, पळसाची झाडं, सगळं रेखीव. चरणारे बैल हलल्यामुळं त्यांचा धूर झालेला. आणि तळ्याच्या काठी, ज्वारीच्या दाण्याएवढी कुसुम. शुक्रवार उजाडला होता आणि मुलाच्या मामांची गाडी सुटायला आली होती. दाजींनी आयुष्यात एकदाच झटपट निर्णय घेतला आणि तो हा. दुसरा फोटो पाकिटात घालून त्यांनी अक्काला न दाखवता मामांच्या हवाली केला. "पोरगी कोन्या मुलखातून येऊन राहिली, ते त्यांना दिसाया नको का?" मी बाजूलाच उभा होतो आणि मीही गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची मला अजून लाज वाटते.

आठ दिवसांनी फोटो परत आला. सोबत दोन ओळी: "शिवार पसंत आहे. मुलगी फोटोत कोठे आहे ते कळवावे. दुसरीकडचाही फोटो आला आहे, त्यात मुलगी दिसते."

अक्काला मी इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि ती ओरडलीसुद्धा नाही. "आठ वर्सं काच निवडली तुमी," ती दाजींना म्हणाली. "त्या आठ वर्सांत लेकीकडं एकडाव बघितलं असतं तर जवळून काढावा वाटला असता." दाजी खाली बघत बसले. कुसुमनं फोटो उचलला, हळदीनं पिवळं झालेलं नख त्या दाण्याशी टेकवलं आणि म्हणाली, "दादा, ह्यात मी हाय. पर ज्यांनी मला पाह्यलंच न्हाई, ते मला शोधतील काहून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं स्वतः दमणी जुंपायला लावली आणि आम्ही कुसुमला वसमतच्या बाजारातल्या फोटोवाल्याकडं नेलं. मागं रंगवलेला पडदा, त्यावर राजवाडा आणि राजहंस. हातात कागदी गुलाब. सगळं काम विडा लावायला लागतो त्याहून कमी वेळात. फोटोत कुसुम घाबरलेली आणि अनोळखी दिसत होती, पण दिसत होती. मी सोबत एक लांबलचक पत्र लिहून सगळा दोष भिंगावर घातला. वीस दिवस काही उत्तर नव्हतं. ते वीस दिवस कुसुम पोस्टमनच्या वाटेकडं बघत हळद निवडत होती आणि दाजी कॅमेऱ्याच्या खोलीत पाऊल टाकत नव्हते. मग होकार आला. उन्हाळ्यात लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी अक्का रडली, मी रडलो. दाजी दमणीच्या मागं फाट्यापर्यंत चालत गेले, अनवाणी. त्या दिवशी कोणती चप्पल आधी, हा प्रश्नच त्यांना पडला नव्हता.

महिन्याची मुदत केव्हाच उलटली होती आणि दुकानदाराची दोन कडक पत्रं येऊन पडली होती. एका शुक्रवारी गेलो तर अक्का म्हणाली, भिंग परत केलं. कोणतं? तर रुंद नजरेचं. ज्याच्यासाठी एवढी वर्षं जीव टाकला, ज्यात सगळी टोकाई मावली, तेच. मला वाटलं, शेवटीसुद्धा यांनी चुकीचंच निवडलं, आणि तसं तोंडावर सांगायचं म्हणून मी ओसरीकडं वळलो. दिवेलागणीची वेळ होती. दाजी एकटेच बसले होते. मांडीवर तो शिवाराचा फोटो आणि हातात ते मोठ्या भोकाचं भिंग, कॅमेऱ्यातून काढलेलं. फोटोवर ते धरून दाजी वाकून बघत होते.

"मास्तर, तुमची नजर तरणी हाय," ते मान वर न करता म्हणाले. "बघा बरं, डोळे उघडे हायत का मिटलेले?"

मी भिंगातून बघितलं. तळ्याच्या काठी ती उभी होती. वीस आकडे न हललेली, सरळ आमच्याकडं बघणारी. वसमतच्या फोटोपेक्षा कितीतरी अधिक कुसुमसारखी.

"उघडे आहेत, दाजी."

"मला बी तसंच वाटलं."

दहा वर्षं या माणसाची मी जागोजाग टिंगल केली आहे आणि ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण त्या वेळी मी त्यांच्या शेजारी बसलो. मी विचारलं, रुंद भिंग का परत केलं?

"त्याची काच बारीक," दाजी म्हणाले. "त्यातनं पोरगी निस्ती दुपारी दिसायची. ह्यातनं ह्या वक्ताला बी दिसती."

आतून अक्का कंदील घेऊन आली. दाजींनी तिला हातानंच थांबवलं, आणि तीही कंदील खाली ठेवून फोटो बघायला वाकली.