पायताण काढा आदी

ती माणसाच्या तोंडाकडे बघायचीच नाही, आधी पायांकडे बघायची. गिऱ्हाईक मोबाइल पुढे धरून, हसू तयार ठेवून चुलीकडे यायचं आणि ही पीठ लागलेलं एक बोट जमिनीकडे दाखवायची. "पायताण." एवढंच. या नाही, बसा नाही. समोरच्याला कळायला जरा वेळ लागला, तर दुसऱ्यांदा थोडं मोठ्यानं, "पायताण काढा आदी."

आमच्या बार्बेक्यू हॉटेलच्या दारात ती भाकऱ्या करायची. मी तिथला मॅनेजर. कराडहून विट्याकडे जाताना कडेगावच्या अलीकडे डाव्या हाताला मोठी पाटी दिसते, तेच आमचं ठिकाण. अशा ठिकाणी तुम्हीही जेवला असाल. टेबलाच्या मधोमध भोक, भोकात निखारे, निखाऱ्यांवर सळ्या आणि सळ्यांना टोचलेले कोंबडीचे, पनीरचे, ढोबळ्या मिरचीचे तुकडे. घरी भाकरीला एक काळा डाग पडला तर ताट सरकवणारा माणूस इथे येऊन स्वतःच्या हातानं कोंबडीचा कोळसा करतो, तो मिटक्या मारत खातो आणि शेजारच्याला सांगतो, काय स्मोकी फ्लेवर आहे! डोळ्यांतून पाणी, शर्टाला धूर, आणि वर वाढदिवसाचा केक. मी रोज बघतो. आता हसूही येत नाही.

आमचे मालक पुण्याला हॉटेलचं शिकून आलेले. ते म्हणायचे, "आपण जेवण विकत नाही, एक्सपिरियन्स विकतो." आमचं जेवण खाल्ल्यावर त्यांचं म्हणणं पटायचं.

तर या एक्सपिरियन्सला दारात एक चूल हवी होती. खरी, मातीची, धूर येणारी. शेजारी सिमेंटचं झोपडं, त्याला शेणाचा रंग, भिंतीवर टांगलेलं बैलगाडीचं चाक. सगळं आणलं, पण चुलीपुढे बसायला माणूस मिळेना. कुणीतरी तिचं नाव सांगितलं. कडेगावच्या पलीकडे एका वस्तीवर राहायची. माहेर कुंडलचं, नवरा नव्हता, मुलगी लग्न होऊन गेलेली. गावच्या जत्रेला, कुणाच्या जावळाला भाकऱ्यांचं काम निघालं की हिला बोलावणं जायचं. मी अंगणात उभा राहून अर्धा तास बोललो. दारातली जागा, छत, पंखा, महिन्याच्या सुट्ट्या. ती सगळा वेळ माझ्या बुटांकडे बघत होती.

शेवटी म्हणाली, "चुलीपाशी पायताण चालायचं न्हाई. कुणाचंच. कबूल असंल तर येते."

मी म्हटलं, "कबूल."

"तुमी म्हणताय न्हवं?"

"मी म्हणतोय की."

मी पगाराच्या घासाघिशीची तयारी करून गेलो होतो. ही अट मला इतकी किरकोळ वाटली, की परत येताना मी गाडीवर शीळ घालत होतो.

मालकांनी तिच्यासाठी जरीच्या काठाचं हिरवं लुगडं आणि चाप लावलेली नथ आणली. लुगडं ती नेसली. नथ खिळ्याला अडकवून ठेवली. मालकांनी विचारलं तर म्हणाली, "नथ घालून भाकरी थापत्यात व्हय? पिठात पडली आन गिऱ्हाइकाच्या दाताखाली आली, म्हंजी?" यावर पुण्याच्या शिक्षणात उत्तर नव्हतं. नथ खिळ्यालाच राहिली.

गिऱ्हाईक तर तिच्या डोक्यातच जायचं. एकजण तिला म्हणाला, "मावशी, परत एकदा थापा ना, व्हिडिओ नीट आला नाही." ती म्हणाली, "भाकरी एकदाच थापत्यात." दुसऱ्या एका बाईंना स्वतः भाकरी थापायची होती. थापली. तिचा कर्नाटकाचा नकाशा झाला, तव्यावर पडताना दोन तुकडे झाले, फोटो निघाला आणि बाई हात झटकून निघाल्या. हिनं त्यांना थांबवलं. "ही कोण खाणार? तुमीच केलीया. घिऊन जावा." बाईंनी कागदात गुंडाळून ती भाकरी नेली. पुढे गाडीच्या खिडकीतून टाकली असेल, पण आमच्या दारात टाकायची त्यांची छाती झाली नाही.

एका शहाण्यानं तिच्याशी वाद घातला. म्हणाला, हे हॉटेल आहे, इथे बूट काढायचा काय संबंध?

"तुमच्या घरात द्येव हाय?"

"आहे."

"तितं बूट घालून जाता?"

"पण मावशी, ही हॉटेलातली चूल आहे."

"हाटेल तुमचं आसंल. चूल माझी हाय."

खरं तर हॉटेल त्याचं नव्हतं आणि चूल तिची नव्हती. पण त्यानं मुकाट्यानं बूट काढले.

मी तिची बाजू घेतोय असं समजू नका. मलाही ती कटकटच वाटायची. रविवारी दारात चपला-बुटांचा ढीग पडायचा, लोक एकमेकांचे घालून जायचे आणि तक्रारी माझ्याकडे यायच्या. तिला काही सांगायला जावं तर ती तव्याशी बोलायची. वर तोंडात मिश्री. ती लावून झाली की अंगणात जी पिंक टाकायची, ती मालकांच्या एक्सपिरियन्समध्ये अजिबात बसत नव्हती.

आमच्या सळ्यांवर तिखट-मीठ लावलेला अननस असतो. तो तिनं पहिल्यांदा बघितला त्या दिवशी मला हाक मारली. "ह्ये काय भाजत्यात?" मी म्हटलं, अननस. तिनं चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाली, "मग उसाच्या कांड्यानं काय पाप केलंय? त्येबी भाजा की." मालक मागेच उभे होते. पुढच्या महिन्यात मेनूवर उसाच्या कांडीला खिमा थापलेला कबाब आला. आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून उसाचं रान आहे. त्या रानाचा मालक बायकामुलांना घेऊन आला, ती कांडी चोखून खूश झाला आणि त्यानं मला विचारलं, "कुठला ऊस हो? लय ग्वाड हाय." मी म्हटलं, बाहेरून मागवतो. आमचा आचारी सकाळी भिंतीवरून हात घालून त्याच्याच रानातलं मोडून आणायचा. हे तिला सांगितलं, तर ती हसलीसुद्धा नाही. "खुळी हायत लोकं," म्हणाली आणि भाकरी उलटली.

पण पायांकडे बघायची तिची सवय नुसती पायताणापुरती नव्हती. बड्या गिऱ्हाइकांचे ड्रायव्हर बाहेर गाड्यांपाशी उभे असायचे. आत पाचपन्नास सळ्या फिरायच्या, पण त्यांना कुणी पाणीही विचारायचं नाही. ही चुलीपुढून त्यांचे पाय बघायची. "ये रं हिकडं. सकाळपास्नं गाडीत हाईस न्हवं? पाय बघ कसं सुजल्यात." मग गरम भाकरी, खरडा आणि कांदा. आतल्या टेबलाला भाकरी उशिरा गेली तर तिला पर्वा नसायची. आतली माणसं भुकेली नसतात, असं तिचं मत होतं आणि मला ते खोडता आलं नाही.

एकदा दुपारी गर्दी ओसरल्यावर ती मला म्हणाली, "टाचा दुखत्यात न्हवं तुमच्या?" मी कुणाला बोललो नव्हतो. दिवसभर काळे बूट घालून उभं राहायचं, संध्याकाळी टाचा टेकवत नसत. तिनं लाकडाचा ओंडका पुढे सरकवला. "काढा ते. बसा जरा." त्या दिवसापासून रोज दुपारी दहा मिनिटं मी अनवाणी तिच्या चुलीपाशी बसू लागलो. जमिनीला ऊब असायची. ती संध्याकाळचं पीठ चाळत असायची. अख्ख्या हॉटेलात मला बरं वाटायचं ते तेवढ्याच जागी. हे मी तिला कधी सांगितलं नाही, आता इथे सांगतो आहे.

मग कुपवाडचं काम आलं. तिथल्या एका कारखानदारानं नवी शेड बांधली होती, तिच्या उद्घाटनाला जेवण हवं होतं. मालक खुलले. हे जमलं तर कारखान्याची वर्षभराची जेवणं आपल्याकडे, असं त्यांनी मला तीनदा सांगितलं. आम्ही टेम्पोत शेगड्या, सळ्या, खुर्च्यांचे रंगीत झगे आणि तिला घेऊन गेलो. शेडच्या कडेला विटांची चूल मांडली. स्वतःची काठवट, म्हणजे पीठ मळायची लाकडी परात, तिनं घरून आणली होती.

आधी कामगार जेवायला आले, काहींच्या बायकाही. मशीनवर उभे राहणारी माणसं, पायांत जाड बूट. तिनं बोट खाली केलं. एकानंही तोंड वाकडं केलं नाही. खाली बसून नाड्या सोडल्या, बूट बाजूला रांगेत लावले आणि भाकरी हातावर घेऊन तिथंच मांडी घातली. ते सळ्यांकडे फिरकलेही नाहीत. माझे मालक जरा हिरमुसले.

मग कारखानदार स्वतः आले. दोन पाहुणे, एक फोटोग्राफर. त्यांना चुलीपाशी बसून भाकरी थापतानाचा फोटो हवा होता.

"पायताण काढा आदी," ती म्हणाली.

कारखानदार हसले. "मावशी, नाडीचे बूट आहेत. एका फोटोपुरतं चालवून घ्या."

तिनं हातातला गोळा काठवटीत ठेवला, हात मांडीवर घेतले आणि नुसती बसून राहिली. तव्यावरची भाकरी करपायला लागली. तिच्या हातची भाकरी करपताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. पाहुणे घड्याळ बघू लागले. जेवणारे कामगार घास हातात धरून थांबले. मालकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना बोलावं लागलंच नाही. मी आपणहून पुढे गेलो.

"मावशी, ऐका की जरा. आजच्या दिवस राहू द्या."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं.

"तुमी म्हणताय?"

तिच्या अंगणात मी कबूल म्हटलं होतं ते तिला आठवत होतं, मलाही आठवत होतं. मी म्हणू शकलो असतो, साहेब, मी या बाईला शब्द दिलाय, दोन मिनिटं लागतील, बूट काढा. कारखानदारांनी कदाचित काढलेही असते. माणूस काही वाईट नव्हता. पण मी म्हटलं, "हो. मी म्हणतोय."

ती उठली. करपलेली भाकरी उतरवून बाजूला ठेवली. चुलीतली लाकडं एकेक मागे ओढली, निखाऱ्यांवर राख सारली. तांब्यातलं पाणी घेऊन हात धुतले. काठवटीतलं पीठ कामगारांच्या बायकांपैकी एकीच्या पातेल्यात काढून दिलं, काठवट काखेला मारली आणि टेम्पोत पुढच्या सीटवर जाऊन बसली. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

कारखानदार विझलेल्या चुलीपुढे बूट घालून बसले. आमच्या आचाऱ्यानं त्यांच्या हातात सळीवरचा एक कबाब दिला. फोटो फार छान आला. वर्षभराची जेवणं आम्हाला मिळाली.

परतीच्या वाटेवर मी टेम्पोत मागे, खुर्च्यांच्या झग्यांवर बसलो होतो. पुढे जागा होती, पण माझा धीर झाला नाही. कडेगाव यायच्या आधी, तिच्या वस्तीच्या फाट्यावर ती उतरली. मी म्हटलं, "सकाळी येताय न्हवं?" तिनं माझ्या पायांकडेही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी हिरवं लुगडं धुऊन, घडी घालून एका ड्रायव्हरच्या हाती परत आलं.

मालक म्हणाले, बरं झालं, कटकट गेली. महिन्याभरात त्यांनी एक पुतळा आणला. फायबरची बाई, गुलाबी गाल, नाकात नथ, हातात फायबरची भाकरी. चुलीत लाल बल्ब आणि त्याच्यामागे छोटा पंखा, म्हणजे कागदाच्या ज्वाळा हलतात. खऱ्या भाकऱ्या आता आत गॅसवर होतात आणि टोपलीतून टेबलावर येतात. पुतळ्यापाशी रविवारी रांग लागते. लोक तिच्या खांद्यावर हात टाकतात, मांडीवर बसतात, फोटो काढतात. कुणाचे बूट हरवत नाहीत. माझ्या दुपारच्या दहा मिनिटांचं आता काय करावं, ते मला कळत नाही. मी गल्ल्यापाशी उभा राहतो.

परवा एका गिऱ्हाइकानं आमच्याबद्दल इंटरनेटवर लिहिलं. पाच तारे. "दारातल्या मावशींच्या हातची गरमागरम भाकरी अप्रतिम! मावशी किती हसतमुख आहेत! यांच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत." मालकांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, काहीतरी चांगलं उत्तर टाक.

मी लिहिलं, "मनापासून आभार. तुमचा निरोप मावशींना नक्की सांगतो."

तिची वस्ती गाडीवर वीस मिनिटांवर आहे. मी अजून गेलेलो नाही.