वेळेआधी उघडलेली बरणी

सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतल्यानंतर अठरा वर्षे मी घरी होते. बहरीनमधील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते आणि माझी वरिष्ठ, वसईची एक ख्रिस्ती मुलगी, जेमतेम तिशीची. ती मला ताई म्हणे आणि कामे सांगे. मी तिला मॅडम म्हणे. ते तिला आवडत नसे.

शस्त्रक्रियेत निघालेला पू आमच्याकडे तपासायला येई. त्यातील काही जिवाणू हवा लागली की मरतात. म्हणून जिवाणू वाढवण्यासाठी पू पसरलेल्या प्लेट हवाबंद बरणीत ठेवायच्या, आत प्राणवायू शोषणारी पुडी टाकायची आणि अठ्ठेचाळीस तास झाकणाला हात लावायचा नाही. आतली निळी पट्टी पांढरी झाली, म्हणजे प्राणवायू संपला. "लोणच्यात कोणी पहिल्याच दिवशी हात घालतं का, ताई?" एवढ्याच शब्दांत तिने मला हा नियम शिकवला होता.

तरीही मी हात घातला. सलमाबादच्या एका वर्कशॉपमधील कामगाराच्या फुटलेल्या अपेंडिक्सचा पू होता. स्लाइडवर मला जिवाणूंची दाटी दिसली होती. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी, बरणीबाहेर साध्या हवेत ठेवलेल्या त्याच पुवाच्या प्लेट कोऱ्या होत्या. तेवढ्यात सर्जनचा फोन आला. काही वाढले का? नसल्यास एक औषध आज बंद करतो. 'अजून सांगता येत नाही' एवढे वाक्य मला जमले नाही. "बघून सांगते," असे म्हणून मी फोन ठेवला आणि चोवीस तासांतच बरणी उघडली. त्याही प्लेट कोऱ्या. पांढरी पट्टी माझ्यादेखत निळी होत गेली.

'वाढ नाही' असे लिहिले असते तर कोणाला काही कळले नसते. औषध मात्र बंद झाले असते, आणि ते नेमके हवेत मरणाऱ्या अशाच जिवाणूंवरचे होते. मी वरिष्ठेला सांगितले.

"उघडलीत?" तिने पट्टीकडे पाहिले. "बरं. थोडा पू मांसाच्या रश्श्यात घातला होता ना?"

घातला होता. मांसाचे तुकडे असलेल्या त्या नळीच्या तळाशी हवा पोहोचत नाही.

"मग उद्या त्यातून पुन्हा प्लेट करू. पण फोन तुम्ही करायचा."

"मॅडम, तुम्हीच बोलला असतात तर…"

"स्लाइड कोणी पाहिली, मी? यल्ला, चला ताई."

मी इंग्रजीत तीन वाक्ये कागदावर लिहिली आणि फोनवर वाचली: स्लाइडवर जिवाणू आहेत, बरणी वेळेआधी उघडण्याची चूक माझी आहे, कृपया औषध चालू ठेवा आणि मला तीन दिवस द्या.

"मग हे सकाळीच का नाही सांगितलंत?" सर्जन म्हणाले. औषध चालू ठेवतो, असेही म्हणाले.

तीन दिवसांनी बरणी उघडली तेव्हा आधी दुर्गंधी आली आणि मग प्लेटवर बारीक ठिपके दिसले. प्लेटवर ठेवलेल्या त्या औषधाच्या चकतीभोवती मात्र एकही नव्हता. सर्जनना फोन मीच केला. कागद याही वेळी लिहिला होता, पण त्यावर एकच वाक्य होते: जिवाणू वाढले आहेत आणि तुमचे औषध त्यांना लागू पडते.