सत्तर दिवसांचा मका

दोंडाईचा स्टेशनावर मला सोडायला माय आली तेव्हा तिचे पाय अनवाणी होते आणि माझ्या पायात नवे बूट होते. बैलगाडीला एक बैल आमचा आणि एक मामाचा होता, कारण आमचा दुसरा बैल माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षात विकला गेला होता. आमच्या पाच गावांत मी पहिला पदवीधर. पुण्याला शेतकीचं कॉलेज करून आलो, पण इथे जागा मिळेना. शेवटी आफ्रिकेत रेल्वेच्या गुदामात कारकुनी मिळाली. शेतकी शिकून मी खिळे-स्क्रू मोजायला निघालो होतो. तरी माझे वडील, आबा, प्लॅटफॉर्मवर प्रत्येकाला आपल्या मुलाबद्दल सांगत होते, "आमना आंडोर साहेब व्हई ग्या."

गाडी सुटायच्या आधी मायनं पदराखालून दोन कणसं काढून माझ्या हातात दिली. सालपटं मागे ओढून त्यांची वेणी घातलेली, धुरानं काळवंडलेली. म्हणाली, "हाई खावानं नही, पेरवानं शे. जठे ऱ्हाशी तठे पेरजो." मी लाजलो. डब्यात माझ्यासमोर एक वकील बसले होते.

तुमच्यापैकी जे गावीच राहिले त्यांना हे बी काय होतं ते सांगायला नको. जे माझ्यासारखे बाहेर गेले त्यांच्या मुलांसाठी लिहितो. आमची जमीन मुरमाड. ज्वारी घरात श्रावणापर्यंत पुरायची. भादव्यात शेत हिरवंगार आणि घरात दाणा नाही, अशी दरवर्षीची गत. तो महिना आम्हां आठ जणांना घरामागच्या वाड्यातल्या मक्यानं काढून दिला. झाड छातीएवढं, कणीस वीतभर, दाणा बारीक, केशरी आणि दगडासारखा टणक. पण पेरल्यापासून सत्तराव्या दिवशी तो ताटात असे. ज्वारी तेव्हा पोटरीतही आलेली नसे.

हे बी कोणी विकत नसे. चुलीवर धुरात टांगलेली कणसं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खाली उतरत. माहेरी आलेल्या लेकी सासरी परत निघाल्या की माय एकेकीच्या ओटीत एकेक कणीस घाली. कुणाचं बी बुडालं, तर ती पुढच्या आखाजीला दुसऱ्या कुणा बहिणीकडून मागून घेई. यावल-रावेरपासून इकडे नवापूरच्या वाटेपर्यंत तो मका असा लेकींच्या ओटीतून गेला होता. कॉलेजात मी बियाणांवर पुष्कळ वाचलं. ही गोष्ट कुठल्याच पुस्तकात नव्हती आणि म्हणून मला ती गोष्टच वाटली नाही.

आफ्रिकेत माझं स्टेशन उंच डोंगरात होतं. गुदामामागच्या उतारावर वान्जिरू नावाची एक विधवा बाई आपला शांबा कसत असे. शांबा म्हणजे शेताचा तुकडा. रताळी आणि तिथला गावठी पांढरा मका लावून ती चार पोरं वाढवत होती. मायची दोन कणसं माझ्या ट्रंकेत वर्षभर पडून होती. एकदा ट्रंक आवरताना मी ती तिला देऊन टाकली. देऊन टाकली, असंच म्हणायला हवं. तिनं मात्र दोन्ही हात पुढे करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी मला टोपलीभर रताळी आणून दिली. त्या थंडीत आमच्या मक्याला सत्तराचे शंभर दिवस लागले. तरीही तिच्या मक्याच्या कितीतरी आधी तो तयार झाला.

त्या देशात गोऱ्यांच्या मोठमोठ्या शेतांवर मी दुसराच मका पाहिला. हातभर कणीस, दातासारखा चपटा पांढरा दाणा. माझ्यातला पदवीधर जागा झाला. वान्जिरूला मी म्हटलं, "ममा, हे बारीक काय लावतेस? मोठं लाव." मला ती बवाना, म्हणजे साहेब, म्हणे. ती हसली आणि म्हणाली, "बवाना, मोठं कणीस मोठ्या शेतात शोभतं. माझी पोरं तोवर थांबत नाहीत." अडाणी बाई आहे, असं मी त्या वेळी मनात म्हटलं.

नऊ वर्षांनी रजेवर घरी आलो तो त्या पांढऱ्या मक्याची गोणी घेऊनच. दिवस आखाजीचे होते. अख्ख्या गावच्या लेकी माहेरी आलेल्या. मी ओट्यावर बसून प्रत्येकीला दोन-दोन ओंजळी दाणे दिले. आफ्रिकेचं बी म्हणून बायका हरखल्या. माझी थोरली बहीण जिजी तेवढी म्हणाली, "भाऊ, इतला मोठा दाना! हाई मक्का शे का घोडाना दात?" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसलो आणि तिच्या ओटीत आणखी एक ओंजळ टाकली.

मग माझी रजा वाढली आणि पेरणीपर्यंत मी राहिलो. वाड्यात मायच्या मक्याशेजारीच मी चार ओळी पांढऱ्या मक्याच्या धरल्या. माय काठावर उभी राहून पाहत होती.

"भाऊ, या दोन्हीस्ना सोयरपन नको करू. तुना मक्का नालाकडे पेर. मना आठे ऱ्हाऊ दे."

मका वाऱ्यानं फळतो, एकाचा पराग दुसऱ्यावर जातो, हे मला पुस्तकातून पाठ होतं. म्हणूनच तर मी तसं केलं. संकर झाला तर कणीस मोठं होईल, यात वाईट काय? मी म्हटलं, "माय, मी हेच शिकलोय."

"तू शिकेल शे, ते बेस शे. पन मक्काले कोनी शिकाडं नही."

पुढच्या वर्षी मला पत्र आलं की कणसं मोठी झाली, केशरी आणि पांढरे दाणे मिसळून मोत्यांच्या माळेसारखी दिसतात, आणि लोक पाहायला येतात. ते पत्र मी गुदामात सगळ्यांना वाचून दाखवलं.

तिसऱ्या वर्षी पाऊस लवकर गेला. पत्र आलं. माय सांगायची आणि शाळेतले गुरुजी लिहायचे, अशी आमची पत्रं असत. त्यात होतं: मका उंच वाढला आहे, परंतु भादव्यात कणीस भरत नाही. आता सत्तर दिवसांचा राहिला नाही, शंभरावर गेला आहे. पाऊस संपला आणि दाणा धरलाच नाही. जिजीकडे माणूस पाठवला, तिचाही तसाच. कोणाच्याच घरी जुने बी उरले नाही. शेवटी ओळ होती, 'यात तुझी चूक नाही, असे आई सांगते.'

त्या ओळीवर मी कितीतरी वर्षं काढली. पुढे जिजीनं सांगितलं की ती ओळ गुरुजींनी आपल्या मनानं घातली होती. मायनं त्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

मी पत्र खिशात घालून उतारावर गेलो. वान्जिरूच्या शांब्यात वरच्या अंगाला, केळीच्या आडोशाला, छातीएवढी झाडं उभी होती. पांढरा मका खाली ओढ्याकडे होता आणि तो तिनं महिनाभर उशिरा पेरला होता. दोघांना तुरे एका वेळी येऊ नयेत म्हणून. माझी माय जे काठावर उभी राहून सांगत होती, तेच ही करत होती. कॉलेजात गेलो होतो तो मी एकटाच.

बी मागितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "तुझ्या आईकडचं काय झालं?" मी खरं सांगितलं. ती झोपडीत जाऊन धुरातली कणसं काढू लागली. मी घाई केली. कणसं टपालात महाग पडतील म्हणून दाणे सोलले, पत्र्याच्या डब्यात भरले आणि पाठवून दिले. तेवढ्यात लढाई सुरू झाली. डबा कुठकुठल्या बंदरांत पडून सात-आठ महिन्यांनी गावी पोचला. मायचं उत्तर आलं, की डबा मिळाला, दाणे सोंड्यांनी खाल्ले, नुसतं पीठ उरलं आहे. सालीसकट धुरातलं कणीस का टिकतं, हे आमच्या घरातल्या सहा वर्षांच्या पोरीलाही ठाऊक होतं.

लढाई चालू असतानाच माय गेली. शेवटच्या दोन भादव्यांत तिनं काय खाल्लं ते मी परतल्यावर जिजीला विचारलं. तिनं विषय बदलला.

बोटी सुरळीत झाल्यावर मी नोकरी सोडली आणि वान्जिरूनं दिलेली बारा कणसं हातात धरून घरी आलो. ट्रंकेत ठेवली नाहीत. आबा थकले होते. त्यांनी एक कणीस उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "तिना हातनं शे हाई." नव्हतं खरं तर. अठरा-वीस वर्षं परक्या डोंगरात राहून त्याचा दाणा किंचित फिकट झाला होता. पेरलं तेव्हा सत्तर नव्हे, अठ्ठ्याहत्तर दिवस लागले. ते आठ दिवस काही मला परत आणता आले नाहीत.

मी गावात फिरून प्रत्येक घरी सांगितलं, की आधीचा मिसळलेला मका एक वर्ष कोणी पेरू नका, नाहीतर हाही बिघडेल. लोकांनी टोमणे मारले. शेजारचा नाना म्हणाला, "साहेब, तूच आना, आते तूच म्हनस काढी टाका!" पण ऐकलं.

गेल्या वर्षी स्टेशनावरच्या नव्या कारकुनाचं पत्र आलं. टोळधाडीनं वान्जिरूचा शांबा फस्त केला, पुढे उपासमारीत बियाण्याची कणसंही खावी लागली, आणि ती विचारते की बवानाच्या गावी काही उरलं आहे का. माहेरी आलेल्या जिजीनं ते ऐकलं आणि पत्र संपायच्या आत उठून कणसं उतरवायला घेतली. त्या गावाकडे जाणारा ओळखीचा माणूस गाठून आम्ही ती त्याच्या हाती दिली.

बाहेर गेलेले लोक मला विचारतात, परत येऊन काय मिळालं, घर तेच राहिलं का? नाही राहिलं. जिच्यासाठी यायचं ती नव्हती. आता घर म्हणजे एवढंच, की माझी चूक इथे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी पेरणीला मला हाक मारतात.

आज तो मका आमच्या गावात अकरा घरी आहे, जिजीच्या सासरी चार घरी आहे, आणि वान्जिरूच्या शांब्यात पुन्हा उगवला आहे.