शेवटच्या ओव्हरसाठी राखलेला

पंगतीत माझ्या सासऱ्यांना वडा वाढायला गेलं, की शेजारचं कुणीतरी हमखास म्हणतं, "त्याला नको वाढू. त्यो शेवटच्या ओव्हरसाठी राखून ठेवील." मग अख्खी पंगत हसते. लग्नानंतर भावकीतल्या पहिल्याच हळदीला मी हे ऐकलं आणि सगळे हसले म्हणून मीही हसले. घरी आल्यावर सासूबाईंनी मला आत बोलावून सांगितलं, की त्यावर आपल्या घरातलं कुणी हसत नाही.

प्रकरण जुनं होतं. सासरे, म्हणजे आमचे बाबा, तेव्हा पूर्णा गावच्या टेनिस क्रिकेट संघाचे कॅप्टन आणि सगळ्यात भारी बॉलर. भात कापून झालं की शेतातच पीच तयार करायचे आणि गावोगावचे संघ यायचे. त्या वर्षी फायनलचं बक्षीस बोकड होता. दोन ओव्हर उरल्या होत्या आणि समोरच्यांना थोडेच रन हवे होते. बाबांनी स्वतःची उरलेली ओव्हर शेवटी टाकायला राखली आणि आधीची दुसऱ्याला दिली. त्या दुसऱ्याला इतका मार पडला, की शेवटची ओव्हर आलीच नाही. बोकड समोरच्यांच्या टेम्पोत चढला, तेव्हा बाबा ओव्हर टाकायच्या तयारीत बाह्या वर करून उभे होते. सासूबाईंनी घरी मसाला वाटून ठेवला होता. तो वाया गेल्याचं त्या अजून बोलून दाखवतात.

त्या शेतावर आता गोदाम आहे आणि त्याच गोदामात मी इन्व्हेंटरीला, म्हणजे मालाच्या हिशेबाला आहे. माझं टेबल मिडविकेटला येतं, असं बाबांचं म्हणणं. पहिल्या दिवशी मला सोडायला आले तेव्हा त्यांनी गेटवरूनच बोट करून सांगितलं, "तिकडं पीच व्हती. जिकडं ते कार्टन लावलेत ना, तिकडंच."

आता बेसबॉल. आमच्या परदेशी क्लायंटकडचे एक साहेब आहेत. त्यांच्याशी माझा रोज ईमेलवर डॅमेज मालावरून वाद चालतो. एकदा त्यांनी लिहिलं, की आमच्या लीगमध्ये एक जागा रिकामी आहे, घेशील का? मला वाटलं, नवीन काहीतरी रिपोर्ट भरायचा असणार. मी सवयीने "होय सर, करते" लिहिलं. दुपारच्या जेवणापर्यंत मी एका बेसबॉल संघाची मालकीण झाले होते.

हा संघ खरा नाही. खेळाडू कॉम्प्युटरने जन्माला घातलेले, मॅचही कॉम्प्युटरच खेळतो. मालकाने फक्त आधी सूचना भरून ठेवायच्या: बॅटिंगला कोण कुठे, बॉलर कधी बदलायचा, कुणाला मागे ठेवायचं. त्यांच्याकडे बॉलरला पिचर म्हणतात. एकदा मॅच सुरू झाली, की मालकाच्या हातात काही नाही, नुसत्या ओळी येताना बघायच्या. लेकीला सासरी पाठवताना आई जसं सगळं सांगून ठेवते आणि पुढचं देवावर सोडते, तसा हा खेळ.

एक नियम मात्र जिवावरचा होता. मोसमाच्या शेवटी जो तळाला, त्याचा संघ काढून घेऊन रांगेतल्या दुसऱ्याला देतात. आणि मला तो संघ कुणाला द्यायचा नव्हता. आमच्या घरात वांगी करायची की कारली हेसुद्धा चार तोंडांना विचारून ठरतं. या संघात मी कुणाला काही विचारत नव्हते, हे सुख मला पहिल्यांदाच मिळत होतं.

अर्थात, सुरुवातीला मी त्या संघाचं वाटोळं केलं. मी भिवंडीची, क्रिकेटवर वाढलेली. चांगला बॉलर थोडा वेळ टाकतो, मग लाँग-ऑनला उभा राहतो, मग दुसऱ्या स्पेलला येतो, हे मला जन्मापासून ठाऊक. म्हणून मी माझ्या उत्तम पिचरला लवकर बाहेर काढायची सूचना भरली, परत आणू म्हणून. बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला माणूस परत येतच नाही. तिथे दुसरा स्पेल हा प्रकारच नाही. मी रोज त्याला बाहेर काढायची आणि कॉम्प्युटर रोज उरलेल्यांना राबवायचा. शेवटी एका मॅचमध्ये टाकायला कुणी शिल्लक उरलं नाही आणि माझ्या शॉर्टस्टॉपने, म्हणजे चक्क फिल्डरने, बॉल टाकला. साहेबांनी हसण्याचं चिन्ह पाठवलं. त्या दिवशी मी त्यांचा सगळा डॅमेज क्लेम नामंजूर केला.

त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे मॅच चहाच्या वेळेला यायची. मी ओटीवर मोबाइल घेऊन बसायची. बाबा आधी लांबून बघायचे, मग खुर्ची सरकवत सरकवत माझ्या खांद्यापर्यंत आले.

"काय गो, हरलीस?"

"एका रनने."

"कालबी एकाच रनानं हरलीस ना?"

"हो, बाबा."

"मंग मना दाखव. एका रनानं हरायचं मना म्हायती हाय."

मला राग आला. माझं एकच राज्य होतं, त्यातही सासरे शिरले. पण सूचना लिहायला दुसरं डोकं लागतंच, आणि खरं सांगायचं तर बाबांचं डोकं चालायचं. पुढे असू तर शेवटी-शेवटी नुसता बॅटिंगपुरता जाड्या काढून चांगला फिल्डर घाल, हे त्यांचंच. अटीतटीच्या मॅचमध्ये बेस चोरायला, म्हणजे बॉल मारलेला नसताना रनच्या पुढच्या टप्प्यावर, पळू नको, आउट होशील, हेही त्यांचंच. एका रनने हरणारी मी एका रनने जिंकायला लागले.

फक्त बंटवरून घरात भांडण झालं. आपण मुद्दाम बॉलला हळूच बॅट टेकवून आउट व्हायचं, म्हणजे आपला माणूस एक बेस पुढे सरकतो, याला बंट म्हणतात. बाबा भडकले, "मुद्दाम आउट? मंग बॅट घेऊन आलाच कशाला?" चुलीजवळून सासूबाई म्हणाल्या, "बरोबर हाय तो. कुनीतरी आउट झाल्याबिगर बाकीचं पुढं जातंय क? आमी जलमभर दुसरं काय केलं?" मी बंटची सूचना राहू दिली.

मोसमाची शेवटची मॅच आली. सुरुवातीच्या वाटोळ्यामुळे आम्ही अजून तळाशीच घुटमळत होतो. गणित साधं होतं: जिंकलो तर संघ माझा, हरलो तर तळाला आणि संघ गेला.

आदल्या दिवशी आमचं क्लोजरवरून पेटलं. बेसबॉलमध्ये दोन्ही संघ नऊ-नऊ वेळा बॅटिंग करतात. क्लोजर म्हणजे सगळ्यात भारी पिचर, त्याला शेवटच्या, नवव्या इनिंगसाठी राखून ठेवतात. सगळी लीग तसंच करायची. बाबांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"राखू नको. बरोबरी असंल तर आठवीतच टाक त्याला. नववी येईल न येईल."

"बाबा, नववी येतेच."

"मनाबी तसंच वाटलं व्हतं."

त्यांचं म्हणणं अडाणी नव्हतं. आठवीत समोरचे तिन्ही दांडगे बॅटर येतील असा अंदाज होता, भारी माणूस अवघड जागी वापरावा हे मलाही पटत होतं. मी आठव्या इनिंगची सूचना भरली. क्लोजर त्याच दिवशीच्या मॅचमध्ये टाकून दमला होता, म्हणून एकच इनिंग, असंही लिहिलं.

सकाळी तिघंही ओटीवर बसलो. चहा गार झाला. सात इनिंग बरोबरी. आठवीत आमचा क्लोजर आला आणि त्याने तिन्ही दांडगे लागोपाठ घरी पाठवले. बाबांनी मांडीवर थाप मारली. नववीत आमचा एक माणूस बेसवर गेला, पुढच्याने बंट करून स्वतः आउट होत त्याला सरकवलं आणि त्याच्या पुढच्याने बॉल मारून त्याचा रन पुरा करून दिला. एका रनने पुढे! सासूबाई म्हणाल्या, "बघा!" आणि हात पुसायला आत गेल्या.

मग समोरच्यांची शेवटची बॅटिंग. क्लोजरची इनिंग संपलेली. टाकायला आला आमचा दुसरा, बरा म्हणावा असा पिचर. एक माणूस बेसवर. पुढच्या बॅटरने बॉल मैदानाबाहेर मारला, बेसवरचा आणि तो असे त्यांचे दोन रन, मॅच खलास. आम्ही एका रनने हरलो. क्लोजर राखला असता तर जिंकलो असतो, हे पोरालाही कळलं असतं.

मला रडू आलं. माझा संघ गेला होता, आणि तो मी दुसऱ्याच्या जुन्या दुखण्यापायी घालवला होता. बाबांवर ओरडायला मी तोंड उघडलं, तर ते मोबाइलकडे एकटक बघत होते.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "आधी टाकला तरी हरतंय."

"हरलोच ना आपण!"

"न्हाय गो, ऐक. मी तवा आदली ओव्हर टाकली असती, तर शेवटची त्याला दिली असती. त्याला तवाबी मार पडलाच असता." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग माजी चूक नव्हती. बोकड जायाचाच व्हता."

एवढं बोलून ते उठले आणि आत जाऊन सासूबाईंना मोठ्याने तेच सांगितलं. आतून आवाज आला, "मंग मसाला वाटायला सांगितला कशाला?" बाबा कितीतरी वेळ एकटेच हसत होते. मला त्यांचा संताप येत होता आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदमच.

त्याच आठवड्यात भावकीत हळद होती. मी वड्यांची टोपली घेऊन पंगतीत वाढत होते. बाबांच्या पानाशी आले, तर शेजारी बसलेले चुलत सासरे तयारच होते.

"त्याला नको वाढू गो. त्यो शेवटच्या ओव्हरसाठी राखून ठेवील!"

पंगत हसली. एरवी बाबा खाली मान घालायचे. पण या वेळी त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"काका," मी म्हणाले, "त्यांनी आधी टाकली असती तरी हरलेच असते. मी करून बघितलंय. माझा अख्खा संघ गेला त्यात."

कुणाला काही कळलं नाही. मी टोपलीतले उरलेले सगळे वडे बाबांच्या पानात उलटे केले आणि रिकामी टोपली चुलत सासऱ्यांना दाखवून पुढे गेले.