मेहताबखालाची शेवटची आंघोळ

माझी आई रोशनबी शेवगावजवळच्या आमच्या गावात घरोघरी बांगड्या भरायची. डोक्यावर टोपली घेऊन निघाली, की लग्नघरच्या पोरी वाटच बघत असायच्या. पाच वेळची नमाज तिनं तापातही कधी सोडली नाही. आणि आमच्यातली कुणी बाई गेली, की तिला शेवटची आंघोळ घालायला अम्मालाच बोलावणं यायचं. मेलेल्या बाईशीही ती बोलायची. "हात जरा सैल सोड गं," म्हणत हळूहळू पाणी घालायची.

शेजारची मेहताबखाला, माझी मानलेली मावशी, तिची जिवाभावाची मैत्रीण. मी तान्ही असताना अम्मा विषमज्वरानं अंथरुणाला खिळली होती. तेव्हा खालानं आपल्या लेकाबरोबर, गनीबरोबर, मलाही अंगावर पाजलं.

बहात्तरचा दुष्काळ पडला. पुढच्या उन्हाळ्यात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. अजीज नुकताच जन्मला होता. विहिरी आटल्या होत्या. सरकारी टँकर येईल तेव्हाच पाणी. खाला दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. एका दुपारी तिथंच ऊन लागून पडली. बैलगाडीतून घरी आणलं तेव्हा जीव गेलेला होता.

टँकर बरेच दिवस आला नव्हता. उन्हात मयत ठेवून चालणार नव्हतं. मौलवींनी दारातून विचारलं, "आंघोळीला कुनाच्या घरात पानी हाय का?"

कुणी बोललं नाही. अम्मानंही मान खाली घातली. आमच्या घरात ओल्या फडक्याखाली हंडाभर पाणी होतं. माझ्यासाठी आणि बाळासाठी राखलेलं.

"पानी नसलं तर मातीनं तयम्मुम चालतं," मौलवी म्हणाले. "धर्मात तशी सोय हाय."

अम्मानं स्वच्छ मातीवर तळवे टेकवले आणि खालाच्या तोंडावरून, हातांवरून फिरवले. त्या दिवशी ती तिच्याशी काहीच बोलली नाही.

घरी आल्यावर हंड्यातलं पाणी पेल्यात घेऊन तिनं माझ्या हातात दिलं. "पी. न्हाईतर दूध आटंल." मी प्यायले. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. ईदला मी माहेरी गेले, तर अम्मा मला घेऊन गनीभाईकडे निघाली. तो बैलांना वैरण टाकत होता.

"गनी, तवा माझ्या घरात हंडाभर पानी हुतं. म्या बोलले न्हाई."

गनीभाई थांबला. "ठावं हुतं मला, खाला. ह्या हमीदाचं लेकरू तान्हं हुतं. माझ्या अम्मीनंच तुला गप ऱ्हा म्हनलं असतं."

"तिनं म्हनायचं हुतं ना रं. म्या तिला इचारलंच न्हाई."

त्यानं आम्हाला चहा केला, अजीजला मांडीवर घेतलं. अम्मानं चहाला तोंड लावलं नाही.

त्यानंतर गावात कुणाच्याही घरी, मुसलमानाच्या काय अन् हिंदूच्या काय, मयत झाली की अम्मा आपल्या घरचा भरला हंडा घेऊन सगळ्यात आधी पोचायची. "रोशनबी, आडात पानी हाय की आता," बाया म्हणायच्या. ती ऐकायची नाही. मौलवींनी कितीदा सांगितलं, जित्या जिवासाठी पाणी राखणं हा गुन्हा नाही. ती मान डोलवायची आणि नमाजेनंतर तशीच हात पसरून बसून राहायची.

"अम्मा, तू केलंस ते बरोबरच होतं," एवढं एक वाक्य मी म्हणायला हवं होतं. पण ते पाणी मी प्यायले होते. माझ्या तोंडून ते वाक्य कधी निघालं नाही.