रिव्हर्सची धून

जळगाव जामोदहून सोनाळ्याला मी रोज ज्या काळी-पिवळी जीपने यायचो, तिच्या ड्रायव्हरचं नाव मी कधी विचारलं नाही. जीप रिव्हर्स घेतली की तिचा हॉर्न एका जगप्रसिद्ध संगीतकाराची पियानोची धून वाजवायचा. शिकणारे सगळे आधी तीच बोटांत बसवतात, मीही कीबोर्डवर वाजवतो. त्या हॉर्नात एक सूर दरवेळी चिरकायचा आणि माझं डोकं उठायचं.

माझी खोली त्याच्या घराशेजारीच. सगळे उतरले की तो गल्लीत जीप वळवून अंगणात उलटीच घालायचा. "सरळ का नाही लावत?" मी एकदा विचारलं.

"बायकोले दिसत नाही, सर. हे वाजलं का तिले समजते मी आलो. मंग ती दार उघडते."

पुढे तो हॉर्न बिघडला. नवा मिळाला तो नुसता टीं-टीं करणारा. मी मूळ रचना लावून मोबाइल त्याच्या हातात दिला. म्हटलं, रोज हीच वाजवत जा. स्टिअरिंगवर कोपर टेकून त्याने ती शेवटपर्यंत ऐकली, मग मोबाइल शर्टाला पुसून परत दिला.

"लय चांगलं हाय. पन यानं तिले मी आलो असं नाही वाटनार."

त्या संध्याकाळी त्याने मान बाहेर काढली आणि मागे बघत, शिळेवर तीच धून वाजवत जीप आत घेतली. तो सूर आला तेव्हा त्याने तो मुद्दाम, अगदी नीट चिरकवला.

आतून कडी निघाल्याचा आवाज आला.