चार बंद टोप्या

माझं अक्षर वाकडं आहे आणि वेलांटी कुठे पहिली, कुठे दुसरी हे मला अजून कळत नाही. शाळा चौथीत सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर चुका सांभाळून घ्याव्यात.

त्या सोमवारी तपासणीच्या यंत्राची चौथी टोपी बंद पडली. पुण्याहून आलेले कंपनीचे इंजिनिअर ती टेबलावर ठेवून बघत होते. मी दाराशी उभी होते.

"मावशी, खरं सांगा. पाण्यात धुता का?"

"नाही साहेब. तुम्ही सांगितलं तसं बाहेरून स्पिरिटनं पुसते."

"मग पाडली असणार."

गप्प राहिलं की लोक कबुली धरतात, हे ठाऊक आहे. तरी वेळेवर बोलणं सुचत नाही.

साताऱ्यात झोपेच्या आजाराचा एक दवाखाना आहे, तिथे मी अटेंडंट आहे. काही माणसांचा श्वास झोपेत मधेच थांबतो, मग दचकून परत सुरू होतो. रात्रभर असंच चालतं. त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. पूर्वी तपासणीसाठी दवाखान्यातच झोपायला लागायचं. आता एका कंपनीनं घरी घालायचं घड्याळ काढलं होतं. घड्याळातून एक वायर निघते आणि तिच्या टोकाला रबरी टोपी असते. ती उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटात घालायची. टोपीत लाल दिवा असतो, त्यावरून रक्तातला ऑक्सिजन कळतो. घड्याळ खरं सांगतं का, याची आमच्याकडे टेस्टिंग चालू होती. मी संध्याकाळी पेशंटच्या घरी जाऊन ते बांधायचे आणि सकाळी काढून आणायचे.

फॉर्मवर पहिलाच प्रश्न आहे : शेजारी कोण झोपतं, त्यांनी घोरणं ऐकलं आहे का? एकट्या राहणाऱ्या बायका यावर नुसत्या हसतात. मी 'कोणी नाही' लिहिते. ते दोन शब्द मी न बघता लिहू शकते.

आधीच्या टोप्यांपायी मागच्या दोन पगारांतून हजार-हजार कापले होते. आता डॉक्टर म्हणाले, "रंजनाबाई, ही शेवटची टोपी. सोनाबाईंची टेस्ट परत करून आणा. हीसुद्धा गेली तर मी कंपनीला काय सांगू? दुसरी बाई बघावी लागेल."

रिसेप्शनवरची स्वाती म्हणाली, "मावशी, तळहातावरच्या फोडासारखी जपा हं!" सगळे हसले. खोलीचं भाडं, दूध, गॅस सगळं या पगारावर. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही.

सोनाबाई मेढ्याच्या. चौथी टोपी त्यांच्याकडेच गेली होती. सत्तरीच्या, एकट्या राहतात. बसल्या बसल्या झोप लागते. एकदा चुलीपुढे लागली आणि पदर जळाला. मी एसटीनं पोचले तेव्हा त्या दारात बसून बोटानं दात घासत होत्या. मला बघून त्यांनी डबी पटकन पदराखाली घेतली.

"मिश्री का?" मी विचारलं.

"आगं, ह्ये एवढंच राह्यलंय आता. तू न्हाईस व्हय लावत?"

"लावते की."

"मग बस की. लाजतीस कशाला!"

"त्या रात्री टोपी घातल्यावर लावलीत?"

"टोपडं घालून कशी लावू? काडलं, लावली, परत घातलं. न्हाई लावली तर झोप कुठं येती? पर डॉक्टरला सांगू नगंस. माजा भाचा वळकीचा हाय त्येंच्या."

मी शब्द दिला. त्यांच्या बोटाचं पेर नखापर्यंत काळं होतं. माझंही तसंच आहे. चारही टोप्या बायकांच्याच घरून बंद होऊन आल्या होत्या, हे तिथे ओट्यावर बसल्यावर माझ्या लक्षात आलं. मी टोपी नाकाशी नेली. ही नवी होती, रबराचा वास आला. ती न बांधताच मी परतले. दवाखान्यात आल्यावर चौथी हुंगली. जळक्या तंबाखूचा, मिश्रीचाच वास होता.

नुसतं वासावरून साहेबांना काय सांगणार? आणि सांगितलं तर सोनाबाईंचं नाव येणार. त्यांची टेस्ट मी पुढे ढकलली आणि शनिवारी पाचवी टोपी न विचारता घरी नेली. पहिल्या रात्री ती डाव्या हातात, मिश्री न लागणाऱ्या करंगळीशेजारच्या बोटात घातली. सकाळी दिवा नीट होता. दुसऱ्या रात्री उजव्या हाताला घातली, झोपताना काढली, मिश्री लावली, परत घातली. सकाळी दिवा दिसेना. आपल्या हातानं आपली नोकरी घालवली, असं वाटलं.

सोमवारी टोपी टेबलावर ठेवली.

"पाचवी?" इंजिनिअर ओरडलेच. "मावशी, अहो काय करता तुम्ही?"

"मिश्री लावते," मी म्हणाले. स्वातीचं टायपिंग थांबलं. "साहेब, मी मिश्री लावते. याच बोटानं. टोपी मीच घातली होती. आत बघा."

त्यांनी बॅटरी मारून बघितलं. रबराच्या घडीत, दिव्याच्या काचेवर काळा थर बसला होता. मी बाहेरून पुसत होते, आत काही घालायचं नाही असा कंपनीचाच नियम होता. त्यांनी बारीक ब्रशनं थर काढला आणि दिवा दिसू लागला. मग ड्रॉवरमधल्या चारही काढल्या. एकेक करून चारही चालू झाल्या.

"आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच आलं नाही," ते म्हणाले.

डॉक्टर माझ्या पहिल्या रात्रीचा ग्राफ बघत होते. "श्वास एकदाही थांबलेला नाही, रंजनाबाई. पण रात्रीत तीनदा उठून बसलात."

मला ते आठवत नव्हतं. नवरा गेल्यापासून माझ्या झोपेबद्दल मला कुणी काही सांगितलं, ते एवढंच.

आता टोपी डाव्या हातात घालतात आणि बायकांना मिश्रीचं मी एकांतात विचारते. सोनाबाईंची टेस्ट नीट झाली. श्वास फार वेळा थांबत होता, त्यांना रात्री लावायचं मास्कचं मशीन दिलं.

"सांगितलं न्हाईस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"माझंच सांगितलं," मी म्हणाले. त्यांनी चहा टाकला.

यंत्र बिघडलं की आधी ते वापरणाऱ्याला विचारावं, आणि बायकांना विचारायला बाई पाठवावी, एवढं मला यातून कळलं. पुढच्या पगाराच्या पाकिटात कापलेले दोन हजार वेगळे घालून दिले होते. मी दोनदा मोजले. पूर्ण होते.